नेम आकाशाचा, मारा जमिनीवर

कूच करणाऱ्या फौजेवर अगदी खालून उडत येऊन मारा करणाऱ्या विमानांना तोंड देण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अर्धा इंच व्यासाच्या चार ब्राउनिंग मशीनगन एकाच फिरत्या चौकटीवर बसवल्या, आणि मॅक्सन कंपनीची ही एम-४५ चौकट हाफ-ट्रॅकवर, म्हणजे पुढे चाके व मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या चिलखती गाडीवर चढवून १९४३ मध्ये एम-१६ हे वाहन घडवले. दोन्ही बाजूंच्या जोडगनांच्या मधोमध बसलेला गनर विजेच्या मोटरने चौकट गरकन फिरवून नळ्या थेट डोक्यावर रोखू शकत असे. चारही गन एकदम चालल्या तर मिनिटाला सुमारे २,००० गोळ्या सुटत. मात्र प्रत्येकीच्या डब्यात २०० काडतुसेच मावत असल्याने अर्ध्या मिनिटाच्या आत डबे रिकामे होत, म्हणून दोनच गन चालवून उरलेल्या दोन थंड होऊ देण्याची रीत पडली. भरलेला डबा सुमारे ४० किलोचा, तेव्हा लढाईत खरी दमछाक होई ती डबे बदलणाऱ्या जवानांची.

मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन नदीवरील रेमागेनच्या पुलाभोवती विमानवेधी तोफा-गनांची दाट फळी उभी राहिली, पण एरवी जर्मन विमानेच विरळ झाल्याने हे शस्त्र पायदळावर वळले. कोरियात तर चिनी सैनिकांच्या लोंढ्यांवर ते इतक्या सर्रास चालवले गेले की त्याचे मूळ काम बाजूलाच पडले. व्हिएतनाममध्ये हीच चौकट मालट्रकांवर चढून रसद-ताफ्यांची राखण करू लागली.

जेट विमानांच्या वेगापुढे अर्धा इंची गोळीचा पल्ला तोकडा ठरला, हे खरेच. त्यामुळे आधी सहा नळ्यांची २० मिलिमीटरची व्हल्कन तोफ आणि पुढे स्टिंगर क्षेपणास्त्रे आली, तरी स्टिंगर वाहणाऱ्या ॲव्हेंजर गाडीवर एक मशीनगन राखली गेली. शीतयुद्धानंतर मात्र आकाश आपलेच राहणार, या गृहीतकावर अमेरिकेने जवळच्या पल्ल्याची हवाई संरक्षण पथकेच कमी केली, आणि ही काटकसर नव्हे, आत्मसंतुष्टता होती. युक्रेनमध्ये स्वस्त, संथ शाहेद ड्रोन पाडण्यासाठी पिकअप गाड्यांवर बसवलेल्या मशीनगनांची पथके आज रात्र-रात्र जागतात, कारण अशा प्रत्येक ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र खर्चणे कोणत्याच खजिन्याला झेपणारे नाही. अमेरिकी सैन्यानेही अलीकडे स्ट्रायकर गाडीवर क्षेपणास्त्रांच्या जोडीला ३० मिलिमीटरची तोफ बसवली आहे.