सत्तेवरून उतरण्याची रीत

पंतप्रधानांची चरित्रे आपल्याकडे बहुधा सत्तारोहणाच्या अंगाने लिहिली जातात. कोण कोणत्या घरात जन्मला, किती वर्षे तुरुंगात होता, प्रतिस्पर्ध्यांना त्याने कसे मागे टाकले, शपथविधीच्या दिवशी केवढा जनसमुदाय लोटला, हे सारे वाचकही आवडीने वाचतात. तोच पुरुष पदावरून कसा उतरला, हा प्रश्न मात्र शेवटच्या दोन पानांत उरकला जातो. आमच्या मते लोकशाहीच्या दृष्टीने ती दोन पानेच अधिक मोलाची होत. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, असे राज्यघटनेचा ७५ वा अनुच्छेद सांगतो. पंतप्रधानपदाचा सारा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. त्या वाक्याचा मान कोणी कसा राखला, याची परीक्षा पद सोडावे लागते तेव्हाच होते.

स्वातंत्र्यापासून हंगामी कारभार सोडून चौदा व्यक्तींनी हे पद भूषविले. त्यांपैकी पंडित जवाहरलाल नेहरू, लालबहादूर शास्त्री आणि श्रीमती इंदिरा गांधी यांचा अधिकारपदावर असतानाच अंत झाला. पंडितजींना लोकसभेने पदच्युत करण्याचा प्रसंग कधी आला नाही. परंतु चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ च्या ऑगस्टमध्ये, आचार्य कृपलानींनी मांडलेल्या अविश्वासाच्या ठरावाला त्यांना सामोरे जावे लागले. लोकसभेतील तो पहिलाच अविश्वासाचा ठराव. तो ३४७ विरुद्ध ६२ मतांनी फेटाळला गेला. निकाल आधीच ठाऊक असलेल्या त्या चर्चेचे महत्त्व आकड्यांत नव्हते. देशातील सर्वांत लोकप्रिय पुरुषालाही सभागृहासमोर उभे राहून जाब द्यावा लागतो, हा पायंडा तीमुळे पडला.

शास्त्रीजींची कारकीर्द दीड वर्षाहून थोडी अधिक. ताश्कंदचा करार १० जानेवारी १९६६ रोजी झाला आणि त्याच मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले. परंतु पद सोडण्याचा धडा त्यांनी पंतप्रधान होण्यापूर्वीच घालून दिला होता. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियालूर येथे आगगाडीला अपघात होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा त्यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. रूळ त्यांनी उखडला नव्हता, हे लहान मुलालाही कळत होते. तरीही खात्याचा धनी या नात्याने त्यांनी जबाबदारी स्वीकारली. पुढे १९६३ मध्ये कामराज योजनेखालीही ते मंत्रिपदावरून दूर झाले. दोनदा खुर्ची सोडलेल्या या माणसाला तिसऱ्यांदा देशाने सर्वोच्च खुर्ची देऊ केली, ही गोष्ट आजच्या राजकारण्यांनी विसरू नये.

याच्या उलट चित्र १९७५ मध्ये दिसले. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिराजींची निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला त्या निर्णयास सशर्त स्थगिती दिली. पंतप्रधान म्हणून राहण्याची मुभा दिली, लोकसभेत मत देण्याची दिली नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी जाहीर झाली, विरोधी नेते तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली. बांगलादेशाच्या युद्धात अपूर्व धैर्य दाखविणाऱ्या या नेत्याला पद सोडण्याचे धैर्य त्या वेळी दाखविता आले नाही, हे नमूद करणे प्राप्त आहे. मात्र १९७७ मध्ये त्यांनीच निवडणुका घेतल्या, रायबरेलीत त्या स्वतः पराभूत झाल्या आणि तो कौल मान्य करून पायउतार झाल्या, हेही तितक्याच प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. लोकसभेत आजवर विरोधकांचा अविश्वासाचा एकही ठराव संमत झालेला नाही. १९७९ च्या जुलैमध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी असा ठराव मांडला, तेव्हा मतदानापूर्वीच मोरारजीभाई देसाई यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले चौधरी चरणसिंग तर लोकसभेला सामोरेच गेले नाहीत. पाठिंबा काढून घेतला जाताच २० ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला आणि निवडणुकांपर्यंत काळजीवाहू म्हणून राहिले. सभागृहाच्या मतदानाने ज्यांची सरकारे कोसळली ते पंतप्रधान तीनच : १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग, १९९७ मध्ये देवेगौडा आणि १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी. तिघेही पडले ते स्वतःच मागितलेल्या विश्वासाच्या ठरावावर. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने सरकार गेले. सेना हलली नाही, रस्त्यावर दगड पडला नाही. ही शांतता सहज लाभलेली नाही. ती अनेकांनी राखलेल्या संयमाची कमाई आहे.

तद्वतच जिंकण्याची रीतही तपासली पाहिजे. १९९३ च्या जुलैमध्ये नरसिंह राव यांचे सरकार २६५ विरुद्ध २५१ मतांनी वाचले. रामटेकहून दोनदा निवडून गेलेले, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारे हे विद्वान गृहस्थ आर्थिक सुधारणांसाठी इतिहासात राहतील. परंतु त्या मतांसाठी लाच दिली गेल्याचे प्रकरण न्यायालयात गेले. राव पुढे उच्च न्यायालयात निर्दोष ठरले. तथापि लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला घटनेचे संरक्षण आहे, असा १९९८ चा निर्णय मागे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०२४ च्या मार्चमध्ये रद्द केला. एका मतदानाचा डाग पुसण्यास तीस वर्षे लागली.

महाराष्ट्रालाही हा धडा नवा नाही. २०२२ च्या जूनमध्ये बहुमत चाचणीपूर्वीच मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. राज्यपालांनी चाचणीचा आदेश देणे समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले. परंतु चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही सांगितले. सभागृहाची पायरी टाळली की न्यायालयालाही हात आखडता घ्यावा लागतो.

यावरून आमचे म्हणणे दोन मुद्द्यांत सांगता येईल. बहुमताविषयी शंका उत्पन्न झाली, तर तिचा निवाडा राजभवनात, हॉटेलात किंवा वृत्तपत्रांच्या रकान्यांत न होता सभागृहातच व्हावा, आणि हरणार हे दिसत असले तरी सत्ताधाऱ्याने तेथे उभे राहावे. दुसरे असे की, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच जाते. सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तेव्हा हे बंधन आम्हांसही मान्य आहे. परंतु एखाद्या सामान्य विधेयकावरही सदस्याला आपल्या विवेकाने मत देता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही. विश्वासाचे आणि अर्थविषयक ठराव यांपुरतेच बंधन असावे, अशा आशयाची शिफारस गोस्वामी समितीने १९९० मध्येच केली होती. ती अजूनही कागदावरच आहे. जे सभागृह पंतप्रधानाला एरवी टोकू शकते, त्याला पाडण्याची वेळ क्वचितच येते. जे टोकू शकत नाही, त्याच्या विश्वासाला किंमत ती काय? म्हणून संसदेने ही शिफारस प्रथम हाती घ्यावी, आणि मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याविषयीचे त्याचे मत मतदारांनी विचारावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.