पाण्याचें मत कोण मागतो?

निवडणूक आली कीं आमच्या नातेपुत्याच्या पारावर उमेदवाराची जात, भावकी आणि गाडी यांची चर्चा होते. पाण्याचा हिशोब कोणी विचारीत नाहीं. शहरांतले शहाणे म्हणतात, झाडें, नद्या व हवा यांसाठीं भांडणारा स्वतंत्र पक्ष काढा म्हणजे हें दुखणें बरें होईल. शेतकरी व कारागीर बंधूंनो, असा पक्ष परदेशांत निघालेला आहे. त्याचें काय झालें तें आधीं ऐका.

जर्मनींत व्यूल नांवाच्या गांवीं अणुवीज केंद्र बांधण्याचें ठरलें. १९७५ सालीं तेथील द्राक्षमळ्यांचे शेतकरी त्या जागेवर जाऊन बसले आणि केंद्र कधींच झालें नाहीं. अशा चळवळींतून १९८० सालीं हिरवा पक्ष जन्मला. १९८३ सालीं शेंकडा ५.६ मतांवर तो पार्लमेंटांत शिरला, कारण तेथें शेंकडा पांच मतें ओलांडलीं कीं मतांच्या प्रमाणांत जागा मिळतात. १९९८ सालीं तो मंत्रिमंडळांत बसला. २०२१ सालीं शेंकडा १४.८ मतें मिळवून पुन्हां बसला. मग त्याच सरकारनें २०२३ च्या अखेरीस शेतीच्या डिझेलवरील सवलत काढण्याचें ठरविलें आणि जानेवारी २०२४ मध्यें शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर बर्लिनच्या रस्त्यांवर उभे राहिले. २०२५ सालीं मतें शेंकडा ११.६ वर आलीं. डिझेल हें एकच कारण नव्हे, हें आम्ही जाणतों. पण मळेवाल्यांच्या बांधावर वाढलेल्या पक्षाला ट्रॅक्टरवाल्यांनीं शत्रू मानावें, ही गोष्ट लहान काय?

आमच्याकडे मोजणीच निराळी. ज्याला सर्वांत जास्त मतें त्याची जागा, बाकीचे घरीं. नर्मदेच्या धरणग्रस्तांसाठीं झिजलेल्या मेधा पाटकर २०१४ सालीं आम आदमी पक्षातर्फे ईशान्य मुंबईंत उभ्या राहिल्या. शाहत्तर हजारांवर मतें पडलीं आणि त्या तिसऱ्या आल्या! उलट कोंकणांत नाणारच्या आंबेवाल्यांनीं व मच्छिमारांनीं पक्ष काढला नाहीं. त्यांनीं असलेल्या पक्षांनाच घाम फोडला. मार्च २०१९ मध्यें, लोकसभेच्या तोंडावर, तेलशुद्धीकरण कारखान्यासाठीं भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढें बारसूचें प्रकरण निघालें, हेंही खरें. राखण सोडली कीं गुरें पुन्हां पिकांत येतात.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, हिरवा झेंडा आणून येथें अनामत रक्कम बुडवूं नये. आमच्या तालुक्यांत नीरेच्या कालव्याचें पाणी वरच्या उसाला मिळतें आणि शेपटाकडचा शेतकरी बोअर खोल खोल नेतो. ऊस आमच्याही घरीं आहे. त्याला शिव्या देऊन आमचें पोट भरणार नाहीं. परंतु कोणाला किती पाळ्या मिळाल्या हें फलकावर लिहिण्यांत कोणाचें काय जातें? पालखीचा रस्ता रुंद केला तेव्हां जुने वड गेले. सावली वारकऱ्यांची होती, विचारलें कोणाला? कुंभाराला माती नाहीं, सुताराला बाभूळ मिळत नाहीं. हें सारें पर्यावरणच आहे, पण त्या शब्दाला ना घामाचा वास, ना मातीचा, म्हणून तो सभेंत आला कीं आमची माणसें उठून चहाला जातात.

यापुढें जो मत मागावयास दारीं येईल त्याला घोंगडी टाकून बसवा, पाणी द्या आणि विचारा: शेपटाला पाळी कधीं? विहिरींची पातळी दरवर्षीं कोण मोजणार? तोडलेल्या वडांच्या जागीं लावलेलीं रोपें जगलीं किती? उत्तर तोंडीं घेऊं नका. कागदावर सही घ्या, आणि तो कागद चावडीवर चिकटवा.