आधार आहे, पण नेपाळला चालत नाही

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि गडबड तिथेच होते. व्हिसा नाही म्हणजे आधार कार्ड खिशात टाकलं की झालं, असं आपण धरून चालतो. सिम आधारवर, बँकेचं खातं आधारवर, शिष्यवृत्तीचा अर्ज आधारवर. मग काठमांडूच का नाही?

तर नाही! विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांचं. म्हणजे सत्तरीतली आजी आधार दाखवून पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन येईल, पण कॉलेजात शिकणारा नातू मित्रांसोबत निघाला तर विमानतळावरच अडकेल. कुटुंब एकत्र असेल तर थोडी सवलत आहे. एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असलं की बाकीच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा चालतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. अठरा पूर्ण झाली की मात्र ही सोय संपते. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्डच मागतात.

यामागे कारण आहे. आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. सीमेवरच्या अधिकाऱ्याला तुम्ही कोण एवढंच नको असतं, तुम्ही कोणत्या देशाचे हे हवं असतं. ते आधार सांगत नाही.

समुद्र ओलांडला की पासपोर्ट लागतो, हाही असाच एक गैरसमज. अंदमानात सेल्युलर जेल पाहायला जायचं तर विमानाने समुद्र पार करावा लागतो, पण तो देशातलाच प्रवास. तिथे आधार पुरतं. लक्षद्वीपही आपलंच, तरी तिथे नुसतं ओळखपत्र चालत नाही, आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. तेव्हा अंतरावरून किंवा ऐकीव माहितीवरून कागद ठरवू नका. जिथे जायचं तिथला नियम तिकीट काढण्याआधी बघा.

आता आपल्या वाशिमचं बोलू. विदर्भातून बौद्ध स्थळांच्या यात्रेला निघालेली मंडळी बोधगया, कुशीनगर करत लुंबिनीपर्यंत जातात, आणि लुंबिनी नेपाळात आहे. दुसरीकडे अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणारी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. यात्रा असो की शिक्षण, संधी आल्यावर कागद जमवायला वेळ उरत नाही. आणि मानोरा किंवा रिसोडच्या एखाद्या गावातून एका दुरुस्तीसाठी मारलेला हेलपाटा म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस. सोबत आलेल्या वडिलांची त्या दिवसाची मजुरीही जाते.

सगळ्यात जास्त हेलपाटे होतात ते नावापायी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर फक्त अक्षर. मराठीत ज्ञानेश्वर एकच, पण इंग्रजीत कुणी त्याचं स्पेलिंग 'डी'ने सुरू करतं, कुणी 'जी'ने. पासपोर्टच्या अर्जात आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात. तिथे जे जाईल तेच पुढे व्हिसावर आणि विमानाच्या तिकिटावर यायला हवं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे नेट कॅफेवाल्या दादाने घाईत टाइप केलेलं स्पेलिंग सबमिट करण्याआधी स्वतः वाचा. दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळतं का ते बघा.

मग आत्ता काय करायचं? मतदार कार्डापासून सुरुवात करा. सतरा पूर्ण झाले की नमुना ६ आगाऊ भरता येतो. त्याला पैसे लागत नाहीत. नाव नोंदवण्यासाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, त्यामुळे अठरा झाल्यावर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही. हे कार्ड मतदानालाही कामी येतं आणि काठमांडूलाही.

पासपोर्टची साधी फी १५०० रुपये आणि अठरा वर्षांनंतर काढला की तो दहा वर्षं चालतो. वाशिम जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो. पण २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकत असाल तर त्यासाठी घरी यायची गरज नाही. पोलीस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावर होते. म्हणून तो पत्ता विचार करून द्या.

हे सगळं प्रत्येक मुलाने एकट्याने शोधावं, हे काही बरोबर नाही. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयं आपल्याकडून आधार, गुणपत्रिका, टीसी अशा सगळ्याच्या झेरॉक्स घेतात. दोन कागदांवरचं नाव जुळत नाही, हे त्याच टेबलावर दिसतं. तिथेच विद्यार्थ्याला सांगितलं तर पुढची तीन वर्षं दुरुस्तीला मिळतात. एनएसएस आहे, अनेक ठिकाणी निवडणूक साक्षरता मंडळही आहे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस नावं तपासायला आणि नमुना ६ भरून घ्यायला द्यावा. जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत हे जमण्यासारखं आहे. त्याला ना निधी लागतो, ना नवा जीआर.

प्राचार्यांना भेटून ही मागणी करा. आणि ते होईपर्यंत आज रात्री घरातला कागदांचा डबा उघडा. दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून आपलं नाव एकेक अक्षर जुळवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.