प्रबंध आधी चावडीवर वाचा

फराळाचे ताट पुढे असताना उपासमारीचा विषय काढू नये, हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही मी तो काढतो. कारण दिवाळी अंक हा एकच असा कागद आहे की जो घरातली आजी, सून, नोकरदार मुलगा आणि सुट्टीला आलेली नात असे चौघेही वाचतात. आणि या चौघांपैकी नातीशी माझे भांडण आहे. ही नात कोल्हापूरला, पुण्याला, मुंबईला किंवा थेट लंडनला जाऊन एक लांबलचक नावाची पदवी घेत असते. त्या नावात ‘जागतिक सार्वजनिक आरोग्य’ असते, ‘अन्नव्यवस्था’ असते आणि ‘समुदायाचे स्वास्थ्य’ही असते. आजोबा बिचारे शेजाऱ्यांना सांगताना ‘डॉक्टरकीच शिकते आहे’ एवढे म्हणून वेळ मारून नेतात. मुलगी गुणी आहे, कष्टाळू आहे, गरिबांविषयी तिच्या मनात कळवळा आहे. माझे भांडण खरे म्हणजे तिला शिकविणाऱ्यांशी आहे. पण ते दिवाळी अंक वाचतात की नाही याची खात्री नसल्यामुळे नातीलाच पुढे घ्यावे लागते.

या अभ्यासासाठी गडहिंग्लजसारखा मुलूख शोधून सापडायचा नाही. पश्चिमेला आजरा-चंदगडच्या डोंगरात नाचणी आणि वासाचे घनसाळ भात. पूर्वेला संकेश्वराच्या अंगाने ज्वारीची भाकरी आणि कानडी बोल. मधून हिरण्यकेशी, आणि तिच्या पाण्याबरोबर दोन्ही काठांनी पसरलेला ऊस. बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग, गुळाच्या ढेपा, भुईमुगाच्या शेंगा. हरळीला साखर कारखाना. दिवाळी सरली न सरली की बीडकडून कोयता घेऊन टोळ्या उतरतात आणि उसाच्या फडाशेजारी पालांचे गाव वसते. एस.टी.च्या एका दिवसाच्या प्रवासात माणूस काय पिकवतो, काय विकतो आणि त्यातले त्याच्या ताटात काय उरते, हे सारे दिसते. नाचणीचेच पाहा. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, शहरांतल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे झळकली. आणि जिच्या घरी आंबील रोजची होती तिच्या अंगणात आता ऊस उभा आहे.

तेव्हा संशोधकांनी इथे यावे, अवश्य यावे. येतात ते काय करतात ते सांगतो.

हातात छापील प्रश्नावली असते, हल्ली ती मोबाईलवर असते. ‘काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्ले?’ हा पहिला प्रश्न. या पद्धतीला चोवीस तासांच्या आठवणीची पद्धत म्हणतात आणि जगभर ती मान्य आहे. आता आमच्याकडच्या बाईला हा प्रश्न विचारा. ती म्हणते, ‘जेवले की.’ या दोन शब्दांत सबंध प्रबंध बुडून जावा! ती सर्वांच्या मागून जेवली, भाकरी होती तेवढी खाल्ली, आमटीचे भांडे निपटून घेतले. पण ती त्याला जेवणच म्हणते, कारण घरी आलेल्या परक्या मुलीपुढे आपल्या घरात कमी पडते असे कोण म्हणेल? वाट्या मोजण्याचा रकाना असतो, उरल्यासुरल्याचा नसतो. मग दंडाला पट्टी लावतात, वजन घेतात, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतात. आभार मानतात. जातात.

आणि पुढे? इथेच घोडे पेंड खाते. दोन-तीन वर्षांनी प्रबंध तयार होतो, इंग्रजीत. ‘शोधगंगा’ या नावाचे एक सरकारी भांडार आहे, त्यात देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध संगणकावर कोणालाही वाचता येतात. नाव मोठे सुरेख आहे. पण ही गंगा आमच्या हिरण्यकेशीला मिळालेली मी तरी पाहिली नाही. प्रबंधातून दोन निबंध निघतात, ते परदेशी नियतकालिकांत छापले जातात, आणि ज्या बाईच्या बोटाला सुई टोचली तिला पुष्कळदा आपले रक्त सात होते की अकरा, हेही कळत नाही. तिथल्या तिथे आकडा सांगून दवाखान्याची चिठ्ठी देणारे संशोधकही असतात. त्यांना हा लेख लागू नाही, त्यांनी खुशाल पान उलटावे.

आता दुसऱ्या बाजूचे काही जाणते लोक मान डोलावू लागले असतील. ते म्हणतील, ‘आम्ही हेच म्हणत होतो. गरीब उपाशी आहे हे सांगायला पीएच.डी. कशाला हवी?’ त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. गरिबाचे पोट कोणीतरी काटेकोर मोजले पाहिजे, कारण ते न मोजता त्याचा भाव ठरवणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात शेतमजुरांची किमान मजुरी ठरवण्यासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली समिती होती. अभय बंग या तरुण डॉक्टराने १९८०च्या दशकाच्या आरंभी तिचा अहवाल घेऊन हिशेब पुन्हा मांडला. मजुराला किती उष्मांक लागतात आणि त्याच्या कुटुंबाला किती खर्च येतो, याची मांडणीच चुकलेली त्यांना आढळली. चार रुपयांची मजुरी बारा रुपये असायला हवी, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले आणि सरकारला मजुरी वाढवावी लागली. मोर्चे पुष्कळ निघाले होते. पण सरकारच्या आकड्याला उत्तर द्यायला दुसरा आकडा लागला.

आकडा कुठवर पोहोचतो याचे याहून मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या दोन माणसांचे आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याहून भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब, असे त्यांनी धरले. आणि १९६०–६१ साली खेड्यांतले सुमारे ४० टक्के व शहरांतले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते असा निष्कर्ष काढला. पां. वा. सुखात्मे हे बुध गावचे. रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत दोन दशके संख्याशास्त्राचा कारभार पाहून ते पुण्याला परतले होते. त्यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाची गरज दिवसादिवसाला कमीजास्त होते, शरीर आपले आपण जुळवून घेते. म्हणून सरासरीवर रेषा ओढली की धडधाकट माणसेही उपाशांत मोजली जातात. दांडेकरांना हे मान्य नव्हते. कमी अन्नावर शरीराने जुळवून घेतले म्हणजे अन्न पुरेसे होते असे ठरत नाही, असा या वादातला दुसरा पक्ष. आणि माझे मत विचाराल तर मी या पक्षात आहे. पण वाचकहो, वादाचा आवाका ध्यानात घ्या. रेषा चार बोटे खाली आली की, कोणी एक घासही जास्त न खाता, काही कोटी माणसे उपाशांच्या यादीतून उठून धाल्यांच्या यादीत जाऊन बसतात. दोघेही पंडित मराठी, दोघांचीही निष्ठा संशयापलीकडची. आणि हा वाद झाला तो बहुतांशी इंग्रजी नियतकालिकांतून. ज्यांच्या पोटाविषयी तो चालला होता त्यांना आपण नेमके कोणत्या यादीत आहोत हे कोणी विचारले नाही, सांगितलेही नाही.

याबाबतीत साहेबाच्या काळातले उंदीरच थोडे बरे म्हणायचे. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२०च्या दशकात कुन्नूरला उंदरांचे गट करून कोणाला शिखांचे, कोणाला पठाणांचे, कोणाला मराठ्यांचे, कोणाला मद्राशी जेवण घातले आणि त्यांची वाढ तपासली. शिखांच्या गव्हा-दुधावरचे उंदीर पहिले आले, तांदळावरचे मागे पडले. मराठी जेवणाचा नंबर वरच्या अंगाला होता हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्या उंदरांना निदान प्रयोग चालू असेतोवर दोन वेळचे मिळत होते.

परदेशी पदवीच वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन राहिले. लोकांनी त्यांच्याकडे औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले; लागोपाठ दुष्काळ पडला होता. डॉक्टरांनी विहिरी खोदवल्या, मुलांसाठी चुली पेटवल्या आणि मग ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकांना गावच्या आरोग्यसेविका केले. अभय आणि राणी बंग तिथेच शिकून १९८४ साली परतले व पुढे गडचिरोलीला गेले. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे गावच्याच बायकांना शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्या ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तेही ‘लॅन्सेट’नेच १९९९ साली छापले. म्हणजे निबंध छापला गेला, पण गाव आधी आणि निबंध मागून. त्याच शहरात, त्याच शाळेत शिकून हे लोक आले. तेव्हा दोष बाल्टिमोरचा नाही.

दोष आहे तो कोणाला उत्तर द्यायचे यात. आज संशोधक विद्यार्थी मार्गदर्शकाला उत्तर देतो, परीक्षकाला देतो, पैसे देणाऱ्या संस्थेला देतो. गावाला देत नाही. आणि गावाला उत्तर द्यायचे नसले की गावातले कोण सुटले हेही लक्षात येत नाही. घरयादीवरून नमुना काढला, म्हणजे फडाशेजारच्या पालाला घरक्रमांक नाही. घरक्रमांक नाही म्हणून नमुन्यात जागा नाही. बीडची बाई सहा महिने आमच्या शिवारात मोळ्या वाहते, तिचे रेशन तिकडे, तिची अंगणवाडी तिकडे, फक्त तिचे शरीर इकडे. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बभ्रा वर्तमानपत्रांतून झाला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. इतकी वर्षे प्रश्नावल्या घेऊन हिंडणाऱ्यांना हे आधी का दिसू नये? ‘अन्नव्यवस्था’ या शब्दात तुमच्या करंजीतली साखर येते की नाही? येत असेल तर ती मोळी उचलणारी बाईही येते.

म्हणून माझी मागणी एवढीच. गावात जाऊन केलेल्या कोणत्याही संशोधनाला पदवी मिळण्यापूर्वी त्याचे मुख्य निष्कर्ष त्या गावच्या ग्रामसभेत मराठीतून वाचले जावेत. आमच्या सीमेवरच्या गावांत गरज तिथे कानडीतूनही. लोक जे आक्षेप घेतील ते प्रबंधाचे शेवटचे प्रकरण म्हणून बांधले जावेत. कोणाचे नाव, कोणाचे घर ओळखू येईल असे एक अक्षरही वाचू नये. ग्रामसभा वर्षातून चार तरी भरवायच्याच असतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. आणि तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. खरे वाचन या दुसऱ्या सभेत व्हावे. ‘जेवले की’चा अर्थ तिथे आपोआप उलगडेल.

प्राध्यापक म्हणतील, खेडुतांना संख्याशास्त्र काय कळणार! साखरेच्या उताऱ्यात पाव टक्का इकडेतिकडे झाला तर टनामागे आपले किती रुपये बुडाले, हे आमचा शेतकरी पारावर बसून सांगतो. काट्यावर किती मारले गेले हे गाडी वळण्याआधी त्याला कळते. त्याला ‘शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी’ हे कळणार नाही? हा आकडा माझा नाही, २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला महाराष्ट्राचा आहे. तो किती ग्रामसभांत वाचला गेला हे मात्र त्या पाहणीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: गाव चिडेल. घरात बाई शेवटी जेवते, अमुक वस्तीला पाणी पोहोचत नाही, पगाराचा किती भाग दारूच्या दुकानात जातो, असे चारचौघांत वाचले तर आरडाओरडा होईल. होऊ द्या. १९७५ साली याच गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. ज्यांच्याविषयी कुजबुजण्यापलीकडे कोणी बोलत नसे त्यांचा प्रश्न भर सभेत आला. गडहिंग्लज त्याने बुडाले नाही.

हेलसिंकीच्या १९६४च्या जाहीरनाम्याची २०२४ साली जी सुधारणा झाली तिच्यात संशोधनाच्या आधी, चालू असताना आणि नंतरही त्या त्या लोकसमूहाला सहभागी करून घ्यावे असे घातले आहे. तेव्हा माझी मागणी जगावेगळी नाही. जगाने कागदावर लिहिले तेच चावडीवर करा म्हणतो. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली कोल्हापुरात निघाले ते या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. नियम करायचा तर पहिला मान त्याने घ्यावा, आणि पहिले वाचन येत्या २६ जानेवारीला आमच्या तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात ठेवावे. त्या वेळी गाळप भरात असते, टोळ्या इथेच असतात. फडातल्या बायकांनाही बोलावणे जावे, आणि एक दिवसाचा कोयता बंद राहील त्याची मजुरी प्रबंधाच्या खर्चात धरावी.