वाटणी करा, पण आधी कॉपी काढा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार बंद झाला आणि आमच्या हॉस्टेलात दोन तट पडले. एक म्हणतो, जुना लॅपटॉप विका, नवा घ्या. दुसरा म्हणतो, विंडोज पुसा, लिनक्स टाका. मला दोन्ही पटत नाही. घरी फीचीच ओढाताण असताना नवा लॅपटॉप कोणत्या तोंडानं मागायचा? आणि विंडोज पुसलं तर कॉमर्सवाल्यांनी टॅली कशावर चालवायची? आपल्या मंडळाच्या श्रीलिपीतल्या जुन्या फायलींचं काय?

माझं मत साधं आहे. एकाच हार्ड डिस्कची वाटणी करा आणि दोघांनाही नांदू द्या. टॅली नि श्रीलिपी विंडोजवर, तेही नेट बंद ठेवून. बाकी सगळं लिनक्सवर. युनिकोड मराठी तिथे छान लिहिता येतं, पैसेही पडत नाहीत.

पण एक गोष्ट ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्यांदा लिनक्स बसवताना पडद्यावर दोन पर्याय होते: विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा पूर्ण डिस्क पुसा. रात्री एक वाजता, घाईघाईत मी दुसरा दाबला. अंकासाठी जमवलेलं सगळं साहित्य त्यातच होतं. लेख पुन्हा मागवले, सगळ्यांनी न कुरकुरता दिले. दोन कविता मात्र लिहिणाऱ्या मुलींकडेही उरल्या नव्हत्या. मी माफी मागितली; कविता काही परत आल्या नाहीत.

म्हणून आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवलेली कॉपी ही कॉपी नव्हे. डिस्क गेली की दोन्ही भाग जातात. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहा. फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोजचा भाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसून घ्या. लिनक्सला ५०-६० जीबी सुरुवातीला पुरे. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, एवढंच.

हे सगळं एका दुपारचं काम आहे. दुपारीच करा, रात्री एक वाजता नको.