निबर माणसे



'निबर' हा शब्द शिवारातून माणसांत आला. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचा दाणा मऊ असतो. पुढे टणक झाला की आपण म्हणतो, दाणा निबर झाला. भेंडी निबर झाली की बाजारात कुणी घेत नाही. घरची बाई मात्र तीच बियाण्यासाठी झाडावर राखते. कोवळ्या भेंडीचे बी उगवत नाही.

माणसाला लावला की हाच शब्द शिवी होतो. वसुलीला आलेला म्हणतो, 'लोक निबर झालेत.' दुष्काळ पाहायला आलेल्यांना आमच्या डोळ्यांत पाणी दिसले नाही, की तेही हेच म्हणतात. त्यांना म्हणायचे असते 'कोडगे'. कोडगा तो, ज्याला मार खाऊन खाऊन लाज उरली नाही. हट्टी तो, जो कारण नसताना अडतो. निबर माणूस निराळा. पेरणी मोडली तर तो रडत बसत नाही, दुबार पेरणीच्या बियाण्याची जुळवाजुळव करतो.

ज्वारीही अशीच. पाण्याचा ताण पडला की ती पाने गुंडाळते, वाढ थांबवते. बांधावरून पाहणाऱ्याला वाटते, पीक गेले. पाऊस आला की ती पुन्हा वाढीला लागते.

म्हणून या शब्दाची आम्हाला लाज नाही. पण त्याचा तोराही नको. गड्याने रडू नये, कर्जाचा आकडा बायकोलाही सांगू नये, हे आपण निबरपणाच्या नावाखाली पोरांना शिकवतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्रातले ४,२४८. हे लोक मनाने दुबळे होते, असे कुणी म्हणू नये. भाव, कर्ज आणि पाऊस यांचा हिशेब आपण सगळे जाणतो. पण ओझे वेळीच बोलले गेले असते, तर काहींना तरी हात देता आला असता.

निबर दाण्याच्या आत अंकुर जिवंत असतो, वठलेल्या खोडात नसतो. पुढच्या बैठकीला येताना शेजारचा गप्प झालेला माणूस सोबत आणा. भावाचा विषय निघण्याआधी आपापल्या कर्जाचा आकडा मोकळेपणाने सांगायची रीत गावोगाव पाडू. वसुलीवाल्यापुढे निबर राहू, एकमेकांपुढे नको.