हाय बीम

डिसेंबरातल्या अमावास्येच्या वीकेण्डला आम्ही चौघं शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालो होतो. प्लॅन एकच, मुंबईत न दिसणारं आकाश बघायचं. रस्त्याकडेला गाडी लावली, दिवे बंद, मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला चांगला अर्धा तास लागतो. कुठे एकेक तारा दिसायला लागला आणि समोरून जीप आली, हाय बीमवर! आकाश गायब.

आमच्यातला टेलिकॉमवाला मित्र हसला. 'क्वांटम की वाल्यांना असंच गंडवलं होतं.'

म्हणजे कसं? मेसेज उघडायची गुप्त किल्ली प्रकाशाच्या एकेका कणावर, फोटॉनवर पाठवायची. मध्येच कोणी डोकावलं की फोटॉनची अवस्था बिघडते आणि चोर पकडला जातो. बेनेट आणि ब्रासार यांनी ही आयडिया १९८४ साली मांडली, तीही चक्क आपल्या बंगळुरूच्या परिषदेत.

खरी परीक्षा असते ती फोटॉन टिपणाऱ्या डिटेक्टरची. चांगल्या फायबरमधूनही १०० किलोमीटरनंतर शंभरातला जेमतेम एक फोटॉन पोचतो. त्यामुळे डिटेक्टर भलताच हळवा ठेवावा लागतो. इतका, की काहीच आलेलं नसतानाही मधूनच 'टिक' करतो. त्याला म्हणतात डार्क काउंट. ते कमी व्हावेत म्हणून त्याला शून्याच्या बऱ्याच खाली गार ठेवतात, आणि फोटॉन यायच्या नेमक्या क्षणापुरताच जागा करतात. इस्रोने २०२१ मध्ये अहमदाबादला ३०० मीटरवर हवेतून हा प्रयोग केला, तोही रात्री. उन्हात एक फोटॉन कुठे शोधणार?

आता ती जीप. २०१० मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या यंत्रांच्या डिटेक्टरवर झगझगीत लेझर सोडला. डिटेक्टरचे डोळे दिपले. मग त्यांना हवं तेव्हाच तो 'टिक' करू लागला! म्हणजे किल्ली चोराच्या हातात आणि अलार्म गप्प. थिअरी शाबूत, पण वॉचमन आंधळा.

त्यावर उपाय निघालेत. डिटेक्टरवर पडणाऱ्या उजेडावर पहारा ठेवतात. २०१२ मध्ये तर डिटेक्टरवर विश्वासच ठेवावा लागणार नाही, अशी पद्धत मांडली गेली.

आपल्याकडे डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल, १०० किलोमीटरहून जास्त अंतरावर फायबरमधून किल्ली पाठवून दाखवली. उद्या तुमच्या-माझ्या सॅलरी अकाउंटची बँकही असा डबा विकत घेईल. त्याच्या ब्रोशरवर 'अनहॅकेबल' छापलेलं असलं, तर मी आधी विचारीन, डिटेक्टरवर हाय बीम मारून पाहिलाय का कोणी?